निवृत्त झाले ते नोकरीतून, कामातून नव्हे

सरकारी नोकर निवृत्त झाला की आपण त्याला हार घालतो, श्रीफळ देतो आणि विसरून जातो. तीस-पस्तीस वर्षांत त्याने काय पाहिले, कोणते कागद हाताळले, हे विचारायला त्याच्या पडवीत कोणी जात नाही. म्हणून एका निवृत्त नोकराची आज मुद्दाम आठवण करून देत आहोत.

गोविंद सखाराम सरदेसाई हे रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात १८६५ साली जन्मले. १८८९ मध्ये ते बडोद्यास नोकरीला लागले. आज बडोदा म्हटले की गोरव्याकडचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. तेव्हा तेथे सयाजीराव गायकवाडांचे राज्य होते. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि राजपुत्रांना शिकवणे हे सरदेसायांचे काम. शिकवण्यासाठी काढलेली टिपणे दुसऱ्या कोणी कपाटात ठेवली असती. सरदेसायांनी ती वाढवली आणि सामान्य माणसाला वाचता यावीत म्हणून मराठीत छापली. त्यातून ‘मराठी रियासत’ उभी राहिली आणि लोक त्यांना रियासतकार म्हणू लागले.

१९२५ साली ते निवृत्त झाले. वय साठ. पुढे त्यांनी पुण्याजवळ कामशेतला घर केले. आता आरामखुर्ची आणि नातवंडे, असे कोणालाही वाटले असते. पण पुण्यात पेशव्यांचे दप्तर हजारो रुमालांत बांधून पडले होते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. मुंबई सरकारने ते काम सोपवताच हा पासष्टीचा गृहस्थ मोडी कागदांच्या ढिगात जाऊन बसला. १९३० पासून चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार त्यांच्या मदतीस होते. ऐंशी उलटल्यावर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहून त्यांनी जगापुढे ठेवला. १९५९ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, कामशेतलाच त्यांचे देहावसान झाले.

तुम्ही म्हणाल, नांगर धरणाऱ्याला नि जाळे टाकणाऱ्याला याचे काय? सांगतो. त्या दप्तरात केवळ लढायांची पत्रे नाहीत. गावोगावचा वसूल, इनामे, वतने यांचे हिशेब तेथे आहेत. जमिनीचा वाद उभा राहतो तेव्हा बलवानाकडे वकील असतो. गरिबाकडे असतो तो आजोबांच्या पेटीतला एक कागद. तो वाळवीने खाल्ला किंवा रद्दीत गेला, तर हक्क खरा असूनही तोंड बंद होते.

तुमच्या गावातही कोणी निवृत्त तलाठी, पोस्टमास्तर, शाळामास्तर असेल. त्याच्याकडे जा. पेटीतले कागद त्याला दाखवा, वाचून घ्या, त्यांची नक्कल करून ठेवा. मोडी वाचणारा म्हातारा भेटला तर एका तरी मुलाला त्याच्यापुढे बसवा. तो गेला की घरातले कागद घरातच मुके होतील.

आणि निवृत्त बंधूंनो, तुम्हांलाही एक सांगणे. सरकारने तुमची खुर्ची काढून घेतली, डोळे आणि लेखणी नव्हे. गावाला त्यांची गरज आहे.