परचित्तज्ञान आणि बहिरीं मुलें

बहिऱ्या मुलांविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून एक मत फार दिवस ऐकूं येतें. तें असें कीं, हीं मुलें हट्टी असतात, संशयी असतात, दुसऱ्याच्या मनाची त्यांस कदर नसते. चार माणसें हंसलीं कीं आपल्यालाच हंसलीं असें समजतात. थट्टा कळत नाहीं, थाप ओळखत नाहींत. हें सांगणारीं माणसें दुष्ट नसतात. पुष्कळदां तीं त्या मुलाचे काका, मावशी किंवा शिक्षकच असतात, आणि त्यांनीं पाहिलेलें सगळेंच खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा वाद आहे तो कारणाविषयीं. कान गेला म्हणून मनहि उणें राहिलें, हा निष्कर्ष आम्हांस साफ चुकीचा वाटतो. तो सोयीचा मात्र आहे. कारण त्यामुळें घरांतील बोलत्या माणसांवरचा सगळा बोजा उतरतो.

पतंजलीनें परचित्तज्ञानाची गणना सिद्धींत केली. ती सिद्धि निराळी असेल. पण तिचा एक घरगुती अवतार चार-पांच वर्षांच्या सामान्य मुलाच्या अंगीं कोणत्याही तपावांचून येतो. मानसशास्त्रज्ञ त्याची परीक्षा एका साध्या खेळानें घेतात. सॅली नांवाची बाहुली आपली गोटी टोपलींत ठेवून बाहेर जाते. तिच्या मागें ॲन ती गोटी पेटींत लपविते. सॅली परत आल्यावर गोटी प्रथम कोठें शोधील? तीन वर्षांचें मूल म्हणतें, पेटींत. कारण गोटी तेथें आहे. पांचव्या वर्षाच्या सुमारास तेंच मूल टोपली दाखवितें. खरें काय हें आपणांस ठाऊक असूनहि दुसऱ्याची समजूत वेगळी असूं शकते, हें त्यास उमगलेलें असतें.

ऑस्ट्रेलियांत कँडिडा पीटरसन व मायकेल सीगल यांनीं ही परीक्षा 8 ते 13 वर्षांच्या, बुद्धीनें सामान्य अशा 26 बहिऱ्या मुलांस दिली. 1995 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें सुमारें दोन-तृतीयांश मुलें चुकलीं. येथपर्यंत वाचून आमचे काका-मावशी मान डोलावतील. त्यांनीं जरा थांबावें. ज्या मुलांचे आईबापहि बहिरे, व ज्यांच्या घरांत जन्मापासून खुणांची भाषा चालते, तीं मुलें हा खेळ ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीनें सोडवितात. अमेरिकेंत 176 बहिऱ्या मुलांची पाहणी होऊन 2007 सालीं हेंच दिसून आलें. कान दोघांचेहि सारखेच बंद. मग फरक कोठला? एकाच्या घरांत त्याच्याशीं बोलणें होतें, दुसऱ्याच्या घरांत होत नाहीं.

आणि हें दुसरें घर अपवादात्मक नव्हे. शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक बहिरीं मुलें ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटीं येतात. तेथें अगदींच मौन असतें असें नाहीं. ये, जेव, नको, झोप, दप्तर कोठें आहे, एवढें खुणावलें जातें. सगळ्या आज्ञा आणि वस्तूंचीं नांवें! 'आजीला वाटलें तूं अजून शाळेंतच आहेस', 'बाबा विसरले म्हणून ओशाळले', 'ताई रडत नाहीं, सोंग करते आहे', हीं वाक्यें मात्र त्याच्या वांट्यास येत नाहींत. ऐकणारें मूल तीं फुकट मिळवितें. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोठ्यांचीं भांडणें, शेजारणींची कुजबुज, फोनवरचें अर्धें संभाषण कानांत सांठवितें. बहिरें मूल पानावर बसून पाहतें तों सगळे हंसत असतात. काय झालें, म्हणून तें विचारतें. उत्तर मिळतें, 'कांहीं नाहीं, मग सांगूं.' हें 'मग' कधीं उगवत नाहीं. ज्याला दहा वर्षें हंसण्याचें कारण कोणी सांगितलें नाहीं, त्यानें संशयी होऊं नये असें म्हणणारांस काय म्हणावें!

निकाराग्वा देशांतील हकीकत तर याहून बोलकी आहे. 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून मानाग्वा शहरांत बहिऱ्या मुलांस एकत्र आणणाऱ्या शाळा निघाल्या. तोंपर्यंत तीं आपापल्या घरीं एकटीं होतीं. शिक्षक ओठ वाचावयास शिकवीत होते, आणि मुलें आवारांत व बसगाडींत आपसांत एक नवी भाषाच घडवीत होतीं. पहिल्या तुकडीच्या हातीं ती अपुरी होती. मागून आलेल्यांनीं ती भरली. जेनी पायर्स व ॲन सेंघास यांच्या 2009 सालच्या अभ्यासांत असें दिसतें कीं, चित्रांच्या साह्यानें घेतलेल्या या परीक्षेंत पहिल्या तुकडींतील वडील माणसांना धाकट्यांनीं मागें टाकलें. 'वाटणें', 'ठाऊक असणें' असे शब्दहि वडिलांच्या बोलण्यांत थोडेच होते. दोनएक वर्षांनीं, धाकट्यांत मिसळून, ते शब्द त्यांच्या हातांवर आले, आणि परीक्षेंतहि सुधारणा झाली. ज्यांस जगाचा अनुभव होता त्यांस भाषेनें जें दिलें, तें नुसत्या अनुभवानें दिलें नव्हतें.

असें असतां आमच्याकडे अजून सल्ला मिळतो तो हा: 'मुलाशीं हातांनीं बोलूं नका, नाहीं तर तें तोंडानें बोलणार नाहीं.' या सल्ल्याचें कूळ 1880 सालच्या मिलान येथील परिषदेंत आहे. तेथें शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव झाला. 2010 सालीं व्हँकूव्हर येथें भरलेल्या त्याच परंपरेंतील परिषदेनें तो फेटाळून त्याच्या दुष्परिणामांबद्दल खेद प्रकट केला. मूळ दुकान बंद झालें. उधारी मात्र आमच्याकडे चालू आहे. बरें, खुणांमुळें उच्चार थोडे मागें पडतील असें क्षणभर धरूनहि चालूं. स्वच्छ उच्चारासाठीं मुलानें माणसांचीं मनें न कळतां वाढावें, हा सौदा कोणत्या आईबापांस पटेल?

शस्त्रक्रियेनें बसवावयाच्या कॉक्लिअर यंत्राचे आम्ही विरोधक नाहीं. तें लवकर बसलें व भाषा वेळेवर आली, तर ही उणीव पुष्कळ भरून निघते. पण यंत्र बसेपर्यंत, आणि मग ध्वनीचा अर्थ लागूं लागेपर्यंत, वर्षें जातात. तोंवर मुलाशीं कोणीच बोलावयाचें नाहीं काय?

साधनें नाहींत ही सबब आतां चालणार नाहीं. भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व शिक्षण यांसाठीं 2015 सालीं दिल्लीस केंद्र निघालें. तिच्या कोशांत 2021 पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले. मुलास इंग्रजी शाळेंत घालून स्वतः रात्रीं इंग्रजी घोकणारे आईबाप आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांस ही भाषा कां जड जावी? कोश उघडल्यावर 'पाणी' आणि 'भाकरी' यांपाशींच त्यांनीं थांबूं नये. त्या वस्तु मूल बोट दाखवूनहि मागून घेतें. 'वाटलें', 'विसरलें', 'थट्टा केली' हे शब्द बोट दाखवून सांगतां येत नाहींत. ते आधीं शिकावे, आणि पंगतींत कोणी हंसलें तर कशाला हंसलें, तें त्याला पानावरच सांगावें.