आधी काय शिकावं?

आम्हा गोंयकारांना इंदूर म्हटलं की आधी आठवतात त्या लताबाई. वडील आमच्या मंगेशीचे, लेक जन्मली इंदूरला, 1929 साली. मला मात्र हल्ली इंदूर म्हटलं की आठवतो तो माझा भाचा.

गेल्या दिवाळीनंतर मावसबहिणीकडे चार दिवस राहून आलो. राजवाडा झाला, सराफ्यात रात्री बारा वाजता गराडू खाऊन झाले. घरी आल्यावर भाच्याने हळूच एक पत्रक पुढे केलं. भंवरकुआँ भागात शिकवण्यांचा बाजारच आहे, तिथल्या एका क्लासचं. सहा महिन्यांत 'फुल स्टॅक', फी पंचेचाळीस हजार. खाली पंधरा-सोळा नावं : रिअ‍ॅक्ट, नोड, मोंगोडीबी, क्लाऊड आणि शेवटी अर्थातच एआय. एचटीएमएलला दिलेले दिवस किती? तीन!

"मामा, यातलं पहिले काय शिकू?" पोरगा बीए झालेला, माझ्यासारखाच. वडील मुदतठेव मोडायला तयार बसलेले. म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हता.

आता मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे, सरकारी कारकून. पण मराठी टायपिंग येतं या एका गुन्ह्यासाठी कचेरीच्या संकेतस्थळावर परिपत्रकं चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिलंच परिपत्रक जुन्या फॉन्टमधून उचलून चिकटवलं आणि पडद्यावर उमटली इंग्रजी अक्षरांची भेळ. त्या फॉन्टमध्ये मराठी नव्हतीच मुळी. इंग्रजी अक्षरांना नुसते देवनागरीचे मुखवटे चढवलेले होते. युनिकोड म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, साहेबांची बोलणी खाऊन.

म्हणून त्याला म्हटलं, आधी एचटीएमएल आणि तेही नीट. मथळा म्हणजे काय, परिच्छेद म्हणजे काय, तक्ता कधी वापरायचा, अर्जातल्या रकान्याला नाव कसं द्यायचं. नुसता ठळक केलेला मजकूर डोळ्यांना मथळा वाटतो, पण आंधळ्या माणसाला पान वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तो मथळा असल्याचं कळत नाही. मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. रिअ‍ॅक्ट वगैरे त्यानंतर.

"पण मामा, एचटीएमएलवर नोकरी थोडीच लागते!"

नाही लागत. त्याचं बरोबर आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. फ्लॅश शिकून पोट भरणारे लोक मी पाहिलेत. 2020 च्या शेवटी ते बंदच झालं. अँग्युलरजेएसचा अधिकृत आधार 2021 अखेर संपला. आणि सर्न प्रयोगशाळेतलं 1991 चं ते पहिलं संकेतस्थळ? ते पान आजच्या मोबाइलवरही उघडतं. इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांनी आधी मेरुखंडाचे पलटे घोटले, मग त्यांची ती संथ बढत आली. असो, गाण्यात शिरलो तर मी बाहेर येणार नाही.

एआय सगळं लिहून देतं, हा त्याचा पुढचा मुद्दा. देतं खरं. पण लिहिलेलं चुकलं हे ओळखणार कोण? पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये सांगितलं, तर फॉन्टमध्ये सोय असल्यास 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. इंदुरात राहणाऱ्या मराठी पोराला हा फरक कळायला हवा! किंवा 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. दिसायला बहुधा सारखाच, पण एका तऱ्हेने लिहिलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर साधा शोध सांगतो, सापडला नाही. हे त्या पत्रकात कुठे होतं?

त्याच्या घराजवळ एका मराठी मंडळाचं छोटं वाचनालय आहे, पुस्तकांची यादी अजून वहीत. म्हटलं, फी भरायच्या आधी दोन महिने ती यादी एका पानावर आण. पुस्तक, लेखक, कपाट क्रमांक. मग त्यात शोध घाल. शिकायला लागणारी माहिती फुकट मिळते. अडलास तर एआयला विचार, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ मला फोनवर समजावून सांगायची.

बहीण म्हणाली, "दादा, दोन महिने वाया नाही ना जाणार?" जाऊ शकतात. कदाचित त्याला कळेल की हे काम आपल्याला आवडत नाही. पण ते पंचेचाळीस हजार भरायच्या आधी कळलेलं बरं.

परवा त्याचा फोन आला. साठ पुस्तकं चढली आहेत. मोबाइलवर कपाट क्रमांकाचा रकाना पडद्याबाहेर जातो म्हणून वैतागला होता. क्लासची मुदत पुढच्या सोमवारपर्यंत आहे, त्याबद्दल मात्र चकार शब्द बोलला नाही.