करार दोन लोकशाह्यांचा, मग लोक कुठे आहेत?

२१ सप्टेंबर २००८. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांनी सेझला जमीन द्यायची की नाही यावर मतदान केले. हे मतदान शासनानेच घेतले होते.

त्याच पंधरवड्यात भारत-अमेरिका अणुकरार अमेरिकेच्या काँग्रेसपुढे होता. तिथे दोन्ही सभागृहांनी मतदान करून मंजुरी दिली. आपल्या संसदेत २२ जुलैला मतदान झाले ते सरकारवरील विश्वासाचे. करार मंजुरीसाठी सभागृहापुढे आलाच नाही.

पुढे २०१६ मध्ये एकमेकांच्या तळांवर इंधन, दुरुस्ती आणि रसद देण्याचा करार झाला. २०१८ मध्ये संदेशवहनाचा, २०२० मध्ये नकाशे व उपग्रह-माहितीचा. प्रत्येक वेळी भाषणात "दोन महान लोकशाह्या" होत्या. यातल्या एकाही करारावर आपल्या खासदाराचे मत घेतले गेले नाही.

काही मंडळी लगेच सांगतात, "बाबासाहेबही अमेरिकेशी मैत्रीच्या बाजूचे होते." होते! पण त्यांचे म्हणणे पुरते वाचा. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी परराष्ट्र धोरणाचा हिशोबच मांडला: ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, कारण अडचणीत मदतीला येईल असा मित्र आपण ठेवला नाही. तेव्हा अर्थमंत्री होते आपल्या रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख. पंतप्रधान नेहरू होते म्हणून बाबासाहेब गप्प बसले नाहीत. मैत्री हवी म्हणणारा माणूस आकडे जनतेपुढे ठेवत होता. आजचे त्यांचे नाव घेतात आणि हिशोब मागणाऱ्याला देशद्रोही ठरवतात.

संरक्षणात गुप्तता लागते, मान्य. शस्त्राचा आराखडा गुप्त ठेवा. पण देशाने कोणाला कसला शब्द दिला, हे देशापासूनच गुप्त कसे? ऑगस्ट २०२५ मध्ये याच मित्राने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. मग या मैत्रीत आपण काय दिले आणि काय मिळवले, हे विचारायचे नाही का?

उपाय संविधानातच आहे. संघसूचीची १४वी नोंद परराष्ट्रांशी होणाऱ्या करारांवर कायदा करण्याचा अधिकार संसदेला देते. अशा करारांना संसदेची मंजुरी बंधनकारक करणारा कायदा मात्र अजून झालेला नाही. पेण-रोह्यात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एवढेच विचारा: हा कायदा मागणार की नाही?

एका सेझसाठी २२ गावांचे मत घेता येते, तर देशाच्या शब्दासाठी संसदेचे का नाही?

जय भीम! जय संविधान!