भारतीय क्रिकेट संघाचा पाकिस्तान दौरा, २००३-०४

मार्च-एप्रिल २००४ मध्ये भारतीय क्रिकेट संघाने पाकिस्तानचा दौरा केला. १९८९ नंतर भारत तेथे प्रथमच कसोटी मालिका खेळला. जानेवारीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या इस्लामाबाद भेटीत उभय देशांनी संवाद सुरू करण्याचे ठरवले नसते, तर हा दौरा होणे कठीणच होते. भारताने एकदिवसीय मालिका ३-२ व कसोटी मालिका २-१ अशी जिंकली. मुलतान कसोटीत वीरेंद्र सेहवागने ३०९ धावा करून भारतातर्फे पहिले त्रिशतक झळकावले आणि पाकिस्तानच्या भूमीवर भारताला पहिला कसोटी विजय मिळाला. सचिन तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद असताना प्रभारी कर्णधार राहुल द्रविडने डाव घोषित केला, हा मात्र अद्याप वादाचा विषय आहे. नोव्हेंबर २००८ मधील मुंबई हल्ल्यानंतर पुढील नियोजित दौरा रद्द झाला. भारताने पाकिस्तानात २००६ नंतर कसोटी खेळलेली नाही.