विसरायचे कोणी, भोगायचे कोणी?

‘जुने विसरा, नवे शिका’ हा उपदेश आज उद्योगजगतात कामगाराला उठता-बसता ऐकवला जातो. उपदेश चुकीचा नाही. त्याचा पत्ता मात्र चुकला आहे.

अमेरिकेतील कोडॅकचे उदाहरण पाहा. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तिच्याच अभियंत्याने डिजिटल कॅमेरा तयार करून दाखवला. म्हणजे नवे ज्ञान नोकरदारापाशी होते! फिल्मवरील नफ्याचा मोह वेळीच सुटला नाही, तो संचालकांना. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला; तत्पूर्वीच हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. चूक शिखरावरची, प्रायश्चित्त पायथ्याला!

तथापि ‘जुने ते सारे टाकाऊ’ हा अविवेकही तितकाच घातक. जपानच्या फुजीफिल्मने ‘फिल्म हाच आपला धंदा’ ही समजूत टाकली. फिल्म बनवताना कमावलेले रसायनविद्येचे ज्ञान टाकले नाही. तेच ज्ञान तिने एलसीडी पडद्यांच्या फिल्मसाठी आणि सौंदर्यप्रसाधनांसाठी वापरले. नोकरकपात तेथेही झाली, हे खरे. परंतु उद्योग उभा राहिला. साप कात टाकतो, कणा नव्हे.

आपल्या उद्योगपतींनी यातून बोध घ्यावा. कालबाह्य काय आणि कामाचे काय, हे यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाला विचारून ठरवावे. नवे शिकण्यासाठी त्याला पगारी वेळ द्यावा. आणि विसरण्याचा श्रीगणेशा संचालकांच्या दालनातून करावा. ज्यांना हे जमत नाही, त्यांना कामगाराच्या हाती निरोपाचे पत्र ठेवण्याचा नैतिक अधिकार नाही!