आधीचं वचनही वाचू या

नवऱ्यानं हात उचलला म्हणून एखादी बाई मंडळीत आधार मागायला गेली, तर तिला बहुतेक वेळा एकच वचन ऐकवलं जातं : पत्नीनं पतीच्या अधीन असावं. इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22. वचन तिथं आहे, नाही कशाला म्हणू? पण त्याच्या आधीच्या 21व्या वचनात सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन राहायला सांगितलंय, ते कुणी वाचून दाखवत नाही. पुढं 25व्या वचनात नवऱ्यांना ख्रिस्तासारखी, स्वतःला देऊन टाकणारी प्रीती करायला सांगितलंय. मग मारहाणीला जागा कुठं उरली?

म्हणून मी म्हणते, बायबलचा अभ्यास हा बायकांच्या हक्काचा प्रश्न आहे. त्यासाठी पदवी लागत नाही. तीन सवयी लागतात.

पहिली, मागचं-पुढचं वाचणं. पौलानं पत्रं लिहिली तेव्हा त्यांत वचनांचे आकडे नव्हतेच. नव्या करारात आज आपण वापरतो ते आकडे 1551 मध्ये एका मुद्रकानं घातले. सोयीसाठी पाडलेल्या तुकड्यांनी अर्थाचे तुकडे का व्हावेत?

दुसरी, कुणी, कुणाला, कशासाठी लिहिलं ते विचारणं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे. पण त्याच पत्राच्या 11व्या अध्यायात बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, हे पौलानं धरूनच चाललंय. मग तो हुकूम सर्व काळच्या सर्व बायकांसाठी कसा?

तिसरी, भाषांतरं ताडून पाहणं. इथं आम्ही सिरोंच्याच्या बायका नशीबवान! प्राणहिता-गोदावरीच्या या टोकाला कित्येक घरांत तेलुगू, शाळेत मराठी. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव हव्वेला घडवतो, तिथं मराठीत 'साहाय्यक' वाचलं की हाताखालची बाई डोळ्यांपुढं येते. तेलुगूत 'साटियैन सहायमु' आहे. 'साटि' म्हणजे तोलामोलाची, बरोबरीची. मूळ हिब्रूतला 'एझेर' हा शब्द तर स्तोत्रांमध्ये खुद्द देवाच्या मदतीसाठी येतो. देव काय माणसाचा नोकर आहे?

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापलं. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये पुरा झाला. पण किती मंडळ्यांत त्याचं नाव तरी निघतं?

काही जण म्हणतात, असे प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास ढळणं. मी विश्वासानंच वाचते. पुनरुत्थानाची बातमी पहिल्यांदा मग्दालीया मरीयेच्या हाती देणारा प्रभू बाईच्या तोंडाला कुलूप घालेल, हे मला पटत नाही.

मैत्रिणींनो, महिला सभेत एवढं तरी करू या. कुणी एक वचन फेकलं, तर तो अख्खा अध्याय मोठ्यानं वाचायचा, मराठीत आणि तेलुगूतही. जिला वाचता येत नाही तिच्यासाठी दुसरीनं वाचायचं. आणि मार खाऊन आलेल्या बाईला वचन ऐकवण्याआधी विचारायचं : आज रात्री तू कुठं झोपणार?