टाचणवहींतील उद्दिष्ट कोणाचें?

शाळेच्या टाचणवहींत ‘उद्दिष्ट’ म्हणून एक रकाना असतो. तो बहुतेक ठिकाणीं कसा भरला जातो, हें आमच्या शिक्षकबंधुभगिनींस सांगणें नको. ‘विद्यार्थ्यांस क्षेत्रफळाची ओळख करून देणें.’ खालीं मुख्याध्यापकांची सही, आणि प्रकरण मिटलें! आमचा सवाल इतकाच कीं, हें उद्दिष्ट कोणाचें? ओळख करून देणार गुरुजी. त्यांनीं फळ्यावर सूत्र लिहिलें कीं तें पुरें झालें. मग चाळीसांपैकीं तीस मुलें कोरींच उठलीं तरी वहीला त्याची दाद ना फिर्याद.

अमेरिकेंत राल्फ टायलर यांनीं 1949 सालींच बजाविलें होतें कीं, शिक्षक काय करणार हें उद्दिष्ट नव्हे; विद्यार्थ्यांत काय बदल व्हावयाचा, तें उद्दिष्ट. 1962 सालीं रॉबर्ट मेगर यांनीं त्याचे तीन भाग पाडून दाखविले: मूल काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितींत, आणि कितपत बरोबर. आतां वरचेंच उद्दिष्ट असें लिहून पाहा: ‘लांबी-रुंदी मीटरमध्यें दिलेल्या आयताकृति वाफ्याचें क्षेत्रफळ विद्यार्थी स्वतः काढील, पांच उदाहरणांपैकीं निदान चार बरोबर.’ असें लिहिणाऱ्या गुरुजींस तास संपण्यापूर्वीं पांच उदाहरणें घालावींच लागतात, आणि लांबी-रुंदीचा गुणाकार सोडून बेरीज करणारा मुलगा त्याच दिवशीं सांपडतो. ‘समजणें’, ‘जाणणें’ हीं क्रियापदें भारी गोड. पण समजलें कीं नाहीं, हें पाहावयाचें कोठें?

ज्याच्या घरीं शिकलेले आईबाप आहेत, वर शिकवणी आहे, त्याचें तासांत हुकलेलें सायंकाळीं भरून निघतें. ऊसतोडीहून परतलेल्या मजुराच्या मुलीस तो एकच तास आहे. तिला क्षेत्रफळ आलें नाहीं, हें परीक्षेच्या दिवशीं कळून काय उपयोग?

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें 2017 सालीं इयत्तावार अध्ययन निष्पत्ति प्रसिद्ध केल्या. त्या वर्षभराच्या आहेत. त्यांतील वाक्य जसेंच्या तसें एका तासास चिकटविणें म्हणजे साऱ्या घराचा नकाशा एका विटेवर काढणें होय. आजच्या तासापुरता तुकडा गुरुजींनीं स्वतःच तोडावयाचा. बाजारांतील तयार टाचणांत तो मिळावयाचा नाहीं. त्या टाचणकर्त्यानें तुमचीं मुलें पाहिलेलींच नाहींत.

सर्वच शिक्षण असें मोजतां येत नाहीं, हा आक्षेप इलियट आयस्नर यांनीं 1967 सालीं घेतला होता, व तो खरा आहे. कविता ऐकून मुलाच्या मनांत काय हलेल, तें आधीं कोण लिहून ठेवणार? कवितेच्या तासास ती सवलत आम्ही खुशाल देऊं. गुणाकाराच्या तासास देणार नाहीं. आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनीं रकाना भरला आहे कीं नाहीं हें पाहण्यापूर्वीं शेवटच्या बांकावरील दोन मुलांच्या वह्या उघडाव्या.